इनेस दे कास्त्रोला का मारलं? पोर्तुगालची ती प्रसिद्ध प्रेमकथा, सोप्या भाषेत

पोर्तुगालच्या पेद्रो राजाची आणि इनेसची गोष्ट कधी ना कधी तुमच्या कानावर आली असेल, निदान तो एक प्रसंग तरी, की राजानं मेलेल्या प्रेयसीला कबरीतून बाहेर काढलं, राणीसारखं सजवून सिंहासनावर बसवलं आणि सगळ्या सरदारांना एकेक करून तिच्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं. वाचताना अंगावर काटा येतो, खरंय. पण हे असं घडल्याचा त्या काळातला एकही पुरावा नाही, हा प्रसंग जवळपास दोनशे वर्षांनी, १५७७ मध्ये छापलेल्या एका स्पॅनिश नाटकात आला आणि तिथून जगभर पसरला. आणि होतं काय, की ह्या एका सीनमुळे बाकीची खरी गोष्ट झाकली जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारतच नाही, की इनेसला मारलं का? "बापाला मुलाचं प्रेम मान्य नव्हतं म्हणून" हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते पुरत नाही. चौदाव्या शतकात राजपुत्रानं लग्नाबाहेर बाई ठेवणं, तिच्यापासून मुलं होणं हे अगदी सर्रास चालायचं, तेवढ्यासाठी कोणी कोणाचा जीव घेत नव्हतं. मग हिचाच का घेतला?

उत्तर हवं असेल तर आधी पेद्रोच्या बापाकडे बघावं लागतं. (नावांचा गोंधळ होणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते: पोर्तुगालचा तो अफोन्सो, शेजारच्या कास्तिलचा तो अल्फोन्सो, आणि पेद्रो दोन आहेत, त्यातल्या दुसऱ्याला मी दर वेळी कास्तिलचा पेद्रो म्हणेन. कास्तिल म्हणजे आजच्या स्पेनचा मोठा मधला भाग, तेव्हाचं वेगळं राज्य.)

पेद्रोचा बाप अफोन्सो चौथा. हा स्वतः तरुण असताना त्याच्या बापाचा, म्हणजे दिनिस राजाचा, जीव होता एका अनौरस मुलावर, अफोन्सो सांचेस त्याचं नाव. अफोन्सो चौथ्याला वाटायला लागलं की बाप मला डावलून गादी त्या सावत्र भावाला देणार. मग बाप-लेकात लढाई जुंपली, १३१९ ते १३२४ अशी चार-पाच वर्षं देश त्यात होरपळत होता. शेवटी अफोन्सोची आई इसाबेल, जिला पोर्तुगीज लोक आजही संत राणी म्हणतात, ती मध्ये पडली आणि समेट झाला. दिनिस गेल्यावर अफोन्सो गादीवर बसला आणि पहिलं काम काय केलं, तर त्या सावत्र भावाला देशाबाहेर काढून त्याच्या जमिनी जप्त केल्या, आणि दुसऱ्या एका सावत्र भावाला १३२६ मध्ये ठारच केलं. म्हणजे लग्नाबाहेरचं पोर गादीला कसं धोक्याचं ठरू शकतं ह्याची भीती ह्या माणसाच्या हाडात मुरलेली होती.

त्यात भर पडली लेकीच्या संसाराची. अफोन्सोची मुलगी मारिया कास्तिलच्या अल्फोन्सो अकराव्या राजाला दिलेली. तो राजा राहायचा लेओनोर दे गुझमान नावाच्या बाईबरोबर, तिच्यापासून त्याला दहा मुलं झाली, मान तिला, मुलूख तिच्या मुलांना, आणि लग्नाची राणी एका कोपऱ्यात. १३५० मध्ये तो राजा जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगनं मेला, पुढच्याच वर्षी लेओनोरला तुरुंगात मारलं, आणि मग तिची मुलं विरुद्ध राणीचा मुलगा, म्हणजे तो कास्तिलचा पेद्रो, असा झगडा पेटला तो बरीच वर्षं धुमसत राहिला. अफोन्सो हे सगळं सरहद्दीच्या अलीकडून बघत होता, त्यात त्याची स्वतःची लेक आणि नातू अडकलेले होते. इनेसबद्दल त्यानं पुढे जे केलं त्याचं समर्थन मी अजिबात करत नाहीये, पण त्याच्या डोक्यात काय होतं हे बघितल्याशिवाय गोष्ट कळत नाही.

आता लग्न. युवराज पेद्रो १३२० चा. त्याचं लग्न ठरलं कॉन्स्तान्साशी, ती कास्तिलच्या खूप मोठ्या सरदाराची, हुआन मानुएलची मुलगी. ह्या मुलीची कहाणी पण वाईट आहे आणि सगळ्या प्रेमकथांमध्ये तिला दोन ओळींत गुंडाळतात. लहान असताना तिचं लग्न त्याच अल्फोन्सो अकराव्याशी लावलं होतं, मग त्याला पोर्तुगालची सोयरीक जास्त फायद्याची वाटली म्हणून त्यानं हिला टाकलं आणि किल्ल्यात डांबलं. पेद्रोशी तिचं लग्न १३३६ मध्ये नवरा-नवरी समोर नसतानाच प्रतिनिधीमार्फत लागलं, पण अल्फोन्सो तिला सोडेना, त्यावरून दोन्ही राज्यांत युद्ध झालं, आणि तह झाल्यावर कुठे ती १३४० च्या सुमारास पोर्तुगालला पोचली. एवढं सगळं सोसून आलेली ही बाई, आणि तिच्या सोबतीला आलेल्या सख्यांमध्ये एक होती इनेस दे कास्त्रो.

इनेस गालिसियाची, म्हणजे पोर्तुगालच्या वरच्या अंगाला असलेला कास्तिलच्या राजाचा मुलूख. बाप पेद्रो फर्नांदेस दे कास्त्रो, तिथला बडा सरदार, पण इनेस त्याच्या लग्नाच्या बायकोची नव्हे. कास्त्रो घराणं किती वजनदार होतं हे लक्षात ठेवा, पुढे तेच नडलं. इनेसच्या बापाची आई कास्तिलच्या सांचो चौथ्या राजाची अनौरस मुलगी, आणि पेद्रोची आई बेआत्रिस त्याच सांचोची औरस मुलगी. म्हणजे इनेसचा बाप पेद्रोचा मावसभाऊ, आणि आपल्या हिशोबानं इनेस त्याची पुतणी लागली. हे नातं पण पुढे नडलं.

दिसायला ती फार देखणी होती म्हणतात, तिच्या लांब मानेची तुलना कवी लोक बगळ्याच्या मानेशी करतात. दोघांचं कधी जुळलं, कसं जुळलं ह्याचे तपशील नंतरच्या कवींनी भरलेत, ते सोडून देऊ. पक्कं एवढंच की लपून राहिलं नाही. परंपरेनं असं सांगतात की कॉन्स्तान्साला पहिला मुलगा झाला तेव्हा तिनं मुद्दाम इनेसला त्याच्या बाप्तिस्म्याला गॉडमदर केलं. आपल्याला हे साधं वाटेल, पण चर्चच्या नियमानं मुलाचे आईबाप आणि त्याची गॉडमदर ह्यांच्यात धार्मिक नातं तयार होतं, आणि त्या नात्यात प्रेम, लग्न काहीही केलं तर ते सख्ख्या नात्यात केल्यासारखं पाप. बिचारीनं नियमाचं कुंपण घालून नवरा वाचवायचा प्रयत्न केला. ते बाळ काही दिवसांतच गेलं. आणि कुंपणाचा उपयोगही झाला नाही.

१३४४ मध्ये राजानं इनेसला देशाबाहेर काढलं. ती गेली सरहद्दीपलीकडच्या अल्बुकर्कच्या किल्ल्यात. हे ठिकाण कोणाचं माहितीय? त्याच अफोन्सो सांचेसच्या घराण्याचं, ज्याच्याशी राजाचं वर्षानुवर्षं वैर होतं तो सावत्र भाऊ! इनेसचं लहानपणही काही काळ ह्याच घरात गेलं होतं. म्हणजे राजाच्या नजरेनं बघाल तर मुलाची प्रेयसी ही नुसती कोणी बाई नव्हती, ती जुन्या वैऱ्याच्या घरात वाढलेली बाई होती.

कॉन्स्तान्साला १३४५ मध्ये फर्नांदो झाला, हा पुढचा वारस, आणि बाळंतपणातच ती गेली असं सहसा सांगतात. पेद्रो मोकळा झाला. त्यानं बापाला न जुमानता इनेसला परत आणलं आणि दोघं उघडपणे एकत्र राहायला लागले, आधी उत्तरेकडे, नंतर कोइंब्राला, मोंदेगो नदीच्या काठी सांता क्लारा मठाजवळच्या वाड्यात. हा मठ आणि वाडा पेद्रोच्या आजीनं, त्या संत राणीनं उभारलेला. चार मुलं झाली, एक लहानपणीच गेलं, आणि बेआत्रिस, जुआंव, दिनिस हे तिघं जगले. राजा दुसऱ्या लग्नासाठी मागे लागला की पेद्रो नाही म्हणायचा. आणि तुझं इनेसशी लग्न झालंय का असं विचारलं तर त्यालाही हो म्हणत नव्हता! हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं ह्यावरच अडतं.

इथपर्यंतही इनेस कदाचित वाचली असती. गाडी रुळावरून घसरली ती १३५४ मध्ये, आणि ती प्रेमामुळे नाही, कास्तिलच्या राजकारणामुळे. तिकडे कास्तिलच्या पेद्रोविरुद्ध सरदार उठले होते. त्यांना नवा राजा हवा होता, आणि आपला पेद्रो आईकडून सांचो चौथ्याचा नातू, म्हणजे कास्तिलच्या गादीवर त्याचा थोडाफार हक्क निघत होता. हा प्रस्ताव घेऊन कोण आलं, तर अल्बुकर्कच्या घराण्याचा माणूस आणि इनेसचा भाऊ आल्व्हारो. त्याच वर्षी कास्तिलच्या पेद्रोनं इनेसच्याच सावत्र बहिणीशी, हुआनाशी लग्न केलं आणि एक-दोन दिवसांत तिला टाकून दिलं, त्यामुळे कास्त्रो मंडळी सूडाला पेटलेली. अफोन्सोनं मुलाला तिथंच अडवलं. पण त्याला चित्र स्पष्ट दिसलं: आपण गेल्यावर हा पोरगा इनेसच्या भावांच्या हातात, भाऊ त्याला कास्तिलच्या भांडणात ओढणार, पोर्तुगाल त्यात भरडलं जाणार, आणि उद्या ह्याच लोकांना वाटलं की आपले भाचे गादीवर बसावेत तर नऊ वर्षांच्या फर्नांदोचं काय? दरबारात ही कुजबुज होतीच की फर्नांदोच्या जिवाला धोका आहे. कास्त्रो भावांनी असं काही ठरवलं होतं ह्याला पुरावा नाही. पण गादीच्या राजकारणात संशय पुरतो, आणि ह्या राजाला तर संशयाची जुनीच सवय.

मला सगळ्यात टोचतं ते हे, की ह्या सगळ्यात इनेसनं स्वतः काय केलं होतं? भावांचं राजकारण, नवऱ्याची जिद्द, सासऱ्याची भीती, आणि मरायचं तिनं.

मोंतेमोर इथे राजानं सल्लागारांबरोबर बसून निर्णय घेतला. ७ जानेवारी १३५५ ला पेद्रो शिकारीला गेलेला असताना राजा माणसांसकट कोइंब्राच्या वाड्यावर पोचला. तीन नावं ह्या प्रकरणाला कायमची चिकटली: पेरो कोएल्यो, आल्व्हारो गोन्साल्व्हेस आणि दिओगो लोपेस पाशेको. इनेसचं डोकं उडवलं आणि तिला तिथंच सांता क्लाराच्या चर्चमध्ये पुरलं. तिनं नातवंडांना पुढे करून राजाच्या पायावर लोळण घेतली, राजाचं मन विरघळलं, तो मागे फिरला आणि मग सल्लागारांनी त्याला पुन्हा तयार केलं, हा जो प्रसंग सगळीकडे सांगतात तो जवळपास दीडशे वर्षांनंतरच्या लेखनातला आहे. घडला असेलही, एखादी आई दुसरं काय करेल. पण त्या काळातली नोंद एवढीच कोरडी आहे की राजाच्या हुकमावरून तिचा शिरच्छेद झाला. कोइंब्राला आज किंता दास लाग्रिमास नावाच्या बागेत एक झरा दाखवतात, त्यातलं लालसर शेवाळ म्हणजे तिचं रक्त असं सांगतात, लोक फोटो काढतात. शेवाळ लाल असू शकतं, एवढंच.

पेद्रो परतला तो थेट बंड करायलाच. इनेसचे भाऊ बरोबर होते, उत्तर पोर्तुगालमध्ये जाळपोळ झाली, पोर्तो शहराला वेढा पडला. त्याची आई बेआत्रिसनं मध्यस्थी केली आणि ऑगस्ट १३५५ मध्ये कानावेझेसचा तह झाला: पेद्रोनं मारेकऱ्यांना माफ करायची शपथ घेतली, बदल्यात बापानं त्याला राज्यकारभारात, विशेषतः न्यायदानात वाटा दिला. पण अफोन्सो मुलाला ओळखून होता. मरण जवळ आल्यावर त्यानं त्या तिघांना सांगितलं की देश सोडा, आणि ते कास्तिलला पळाले. मे १३५७ मध्ये अफोन्सो गेला, पेद्रो राजा झाला.

आता तो सूड. पेद्रो आणि कास्तिलचा पेद्रो ह्या दोघांनी एक सौदा केला, तुझ्याकडे लपलेले माझे शत्रू मला दे, माझ्याकडे लपलेले तुझे मी देतो. दोघांनीही आश्रयाला आलेल्या माणसांना विकलं, सरळ शब्दांत सांगायचं तर. कोएल्यो आणि गोन्साल्व्हेस पकडून आणले गेले. पाशेको वाचला, त्याची कथा सुंदर आहे: तो त्या दिवशी शिकारीला गेलेला, आणि तो ज्याला रोज भीक घालायचा त्या भिकाऱ्यानं शहराबाहेर जाऊन त्याला सावध केलं, मग भिकाऱ्याचेच कपडे अंगावर घालून तो निसटला. बाकीच्या दोघांना सांतारेमला पेद्रोनं स्वतः समोर बसून मारवलं, एकाचं काळीज छातीतून काढायला लावलं, दुसऱ्याचं पाठीतून, आणि ते चालू असताना तो जेवत होता. हे सगळं सांगणारा माणूस फर्नांव लोपेस, राजदफ्तराचा प्रमुख आणि पोर्तुगालचा पहिला मोठा इतिहासकार, त्यानं हे साधारण ऐंशी वर्षांनी जुनी कागदपत्रं हाताळत लिहिलं. आणि तो पेद्रोचं कौतुक करत नाही, शपथ मोडून माणसांची अशी अदलाबदल केल्यानं राजाचं नाव खराब झालं असं तो स्पष्ट लिहितो.

ह्याच लोपेसमुळे पेद्रो माणूस म्हणून थोडा दिसतो आपल्याला. बोलताना खूप अडखळायचा. रात्री झोप नाही आली की कर्णे वाजवणाऱ्यांना उठवून लिस्बनच्या रस्त्यांवर मशालींच्या उजेडात लोकांबरोबर नाचायचा. न्याय स्वतः करायचा आणि शिक्षा इतक्या कडक द्यायचा की काही लोक त्याला न्यायी पेद्रो म्हणतात, काही क्रूर पेद्रो. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि ७ जानेवारीनंतर ह्या माणसाच्या आत काहीतरी कायमचं मोडलं होतं हे त्या मध्यरात्रीच्या नाचातूनही कळतं.

आता त्या लग्नाकडे येऊ, माझ्या मते ह्या गोष्टीचा हाच सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. जून १३६० मध्ये पेद्रोनं कांतान्येदे इथे बायबलवर हात ठेवून जाहीर केलं की माझं इनेसशी गुपचूप लग्न झालं होतं, ब्रागांसाला, साधारण सात वर्षांपूर्वी. साक्षीदार दोन: लग्न लावणारा, जो आता ग्वार्दाचा बिशप होता तो दों जिल, आणि राजाचा सेवक इस्तेव्हांव लोबातो. गंमत नाही, गंभीर गोष्ट अशी की राजाला लग्नाचा दिवस आठवेना, महिनाही आठवेना. आणि लोपेस नेमकं ह्यावर बोट ठेवतो, की ज्या लग्नासाठी एवढं सगळं झालं त्याची तारीख माणूस विसरतो कशी, आणि झालंच होतं तर बाप मेल्यावर तीन वर्षं गप्प का बसला?

इथे चर्चचा कायदा थोडा समजून घ्यायला हवा. आज आपल्याला वाटतं लग्न म्हणजे चर्च, पाद्री, रजिस्टर. पण १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले, त्याआधी स्त्री-पुरुषांनी एकमेकांना "मी तुला नवरा मानते, मी तुला बायको मानतो" एवढं म्हटलं तरी ते लग्न पक्कं धरलं जायचं. चोरून केलेलं लग्न चर्चला आवडायचं नाही, पण ते रद्द होत नसे. म्हणजे पेद्रो-इनेसचं गुपचूप लग्न अशक्य अजिबात नव्हतं. अडचण दुसरी होती. जवळच्या नात्यात लग्न करायचं तर पोपची खास परवानगी लागायची, आणि इनेस तर मावसभावाची मुलगी. शिवाय ते गॉडमदरचं प्रकरण. पेद्रोनं एक परवानगीपत्र दाखवलं, पण ते तो अगदी लहान असताना, कोणत्याही नातेवाईक मुलीशी लग्न करता यावं म्हणून घरच्यांनी पोपकडून आणून ठेवलेलं जुनं पत्र होतं. इनेसचं त्यात नाव असण्याचा प्रश्नच नाही. त्यानं नव्या पोपकडे, इनोसंट सहाव्याकडे, मान्यता मागितली, ती मिळाली नाही.

मग खोटं बोलला का तो? माझं मत विचाराल तर दोघांनी एकमेकांना नवरा-बायको मानलं होतं हे मला खरं वाटतं, दुसऱ्या लग्नाला तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला ते उगाच नाही. पण ब्रागांसाचा तो समारंभ, तो बिशप, ती साक्ष, हे तिला मेल्यावर राणीचा मान देता यावा आणि मुलांच्या नावापुढचा डाग पुसावा म्हणून उभं केलेलं असावं असं वाटतं. बिशपसमोर शपथ घेताना त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

तो मान त्यानं दिला मात्र असा की त्याला तोड नाही. इनेसचा देह कोइंब्राहून आल्कोबासाच्या मठात नेला, हा सिस्टर्शियन साधूंचा मोठा मठ, पोर्तुगालच्या राजघराण्यातल्या बऱ्याच जणांना इथे पुरलेलं. लोपेस लिहितो की १७ लीगच्या, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरच्या ह्या सबंध वाटेवर दुतर्फा माणसं हातात मेणबत्त्या धरून उभी होती आणि देह सारखा त्या उजेडातून चालला होता. सरदार, त्यांच्या बायका, पाद्री सगळे बरोबर. प्रेताला मुकुट चढवण्याची दंतकथा बहुधा ह्यातूनच फुगत गेली असणार, कारण एका मेलेल्या बाईपुढे सबंध देशाला मान झुकवायला लावली हे तर खरंच घडलं.

आणि मग ती थडगी. आल्कोबासाला आजही आहेत, चर्चच्या दोन बाजूंना समोरासमोर, पांढऱ्या चुनखडी दगडात इतकं बारीक कोरीवकाम की दगड आहे हे विसरायला होतं. कोणी कोरली त्याचं नाव माहीत नाही. इनेस निजलेली आहे डोक्यावर राणीचा मुकुट घालून, सहा देवदूत तिला हातांवर उचलून धरताहेत, आणि सगळा भार खाली माणसाच्या तोंडाच्या पशूंवर. लोक म्हणतात ते चेहरे मारेकऱ्यांचे. तिच्या पायाशी शेवटच्या न्यायाचा देखावा, मेलेले कबरीतून उठताहेत, पुण्यवान एकीकडे, पापी राक्षसाच्या जबड्यात. पेद्रोच्या थडग्यावर संत बार्थोलोम्यूचं आयुष्य, ज्याची जिवंतपणी कातडी सोलली तो संत, आणि डोक्याकडे एक चक्र, त्यात दोन वर्तुळांत छोटे छोटे प्रसंग, त्यातले काही पेद्रो आणि इनेसचेच आहेत असं मानतात. एक ओळही कोरलेली आहे, तिचा अर्थ बहुतेक जण "जगाच्या अंतापर्यंत" असा लावतात.

गाइड तिथे सांगतात की कयामतीच्या दिवशी उठून बसल्यावर दोघांना पहिल्यांदा एकमेकांचाच चेहरा दिसावा म्हणून पेद्रोनं थडगी पायाला पाय लावून ठेवायला सांगितली. ऐकायला फार छान आहे, पण मुळात ती शेजारी शेजारी होती, नंतरच्या शतकांत हलवली गेली आणि आत्ताची जागा तर १९५६ पासूनची. नेपोलियनच्या फौजा १८१० च्या सुमारास तिथे घुसल्या तेव्हा त्यांनी थडगी फोडली, त्या जखमा अजून दिसतात. शेजारी शेजारी ठेवणं मला तर जास्त भावतं, नवरा-बायकोची जागा तीच असते ना.

पेद्रो १८ जानेवारी १३६७ ला गेला. जाता जाता त्यानं पळालेल्या पाशेकोलाही माफ केलं.

पण "लग्न झालं होतं की नाही" हा प्रश्न त्याच्याबरोबर मेला नाही. फर्नांदो गादीवर आला, १३८३ मध्ये तो गेला तेव्हा मागे फक्त एक मुलगी, तीही कास्तिलच्या राजाला दिलेली. म्हणजे पोर्तुगाल कास्तिलच्या घशात जाणार अशी वेळ. आता इनेसची मुलं औरस असतील तर गादी त्यांची, आणि लोकांची माया त्यांच्यावर होतीही. थोरला जुआंव मात्र त्याआधीच स्वतःचं वाटोळं करून बसला होता, १३७९ मध्ये त्यानं राणीच्या चिथावणीवरून आपल्या निष्पाप बायकोला कोइंब्रातच भोसकून मारलं. ज्या शहरात आईला मारलं त्याच शहरात! मग तो कास्तिलला पळाला आणि तिथल्या राजानं त्याला कैदेत टाकलं. १३८५ मध्ये, पुन्हा कोइंब्रातच, देशाची सभा भरली. जुआंव दास रेग्रास नावाच्या वकिलानं भर सभेत मुद्दे मांडले, लग्नाची तारीख नाही, पेद्रोनं बापासमोर कबूल केलं नाही, पोपनं मान्यता दिली नाही, सबब लग्न नाही, मुलं अनौरस, गादी रिकामी. आणि रिकाम्या गादीवर सभेनं कोणाला बसवलं, तर पेद्रोच्याच आणखी एका अनौरस मुलाला, तेरेजा लोरेन्सो नावाच्या बाईपासून इनेसच्या मृत्यूनंतर झालेल्या जुआंवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आल्जुबारोताच्या लढाईत त्यानं कास्तिलला हरवलं, आणि ते रण आल्कोबासाच्या त्या थडग्यांपासून फार लांब नाही. म्हणजे म्हाताऱ्या अफोन्सोनं अनौरस मुलाच्या भीतीनं एवढं केलं, आणि त्याच्या देशाला वाचवायला शेवटी अनौरस नातूच कामी आला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी पुढचा धागा सांगायलाच हवा. ह्या जुआंवपासून अव्हिस घराणं सुरू झालं, दर्यावर्दी हेन्री त्याचाच मुलगा, आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरत जाणारी जहाजं ह्याच घराण्याची. आणि इनेस ह्यात कुठे? तिची मुलगी बेआत्रिस कास्तिलला दिली, त्या लेओनोर दे गुझमानच्या मुलाला. त्यांची मुलगी लेओनोर आरागॉनची राणी झाली. तिची मुलगी, तीही लेओनोर, परत पोर्तुगालला दुआर्ते राजाची राणी म्हणून आली. तिचा मुलगा फर्नांदो, आणि फर्नांदोचा मुलगा मानुएल. म्हणजे इनेसच्या खापरपणतवाचा मुलगा तो हा मानुएल, ज्यानं वास्को द गामाला पाठवलं, १४९८ मध्ये तो कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये मानुएलच्याच नावानं गोवा घेतला गेला. घेणारा कोण, तर अफोन्सो दे अल्बुकर्क, त्याचं आडनाव त्याच किल्ल्यावरून आलेलं आणि तो वंशज त्याच अफोन्सो सांचेसचा, ज्याच्याशी भांडणापासून मी ही गोष्ट सुरू केली. आणि इनेसला जगभर अमर करणारा कवी लुईस द कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला, भारतात आणि पूर्वेकडे बरीच वर्षं राहिला, त्याचं १५७२ चं 'लुसियाद' हे महाकाव्य वास्को द गामाच्या सफरीवर आहे आणि त्याच्या तिसऱ्या सर्गात खुद्द गामाच मालिंदीच्या राजाला इनेसची गोष्ट ऐकवतो. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये गेलात तर अल्बुकर्क आणि कामोंइश, दोघांचेही पुतळे एकाच छताखाली बघायला मिळतील, एक त्या किल्ल्याच्या घराण्यातला आणि दुसरा तिथे धाडलेल्या बाईची गोष्ट सांगणारा.